सोसायटीतल्या कुत्र्यांसाठी काही करायचंय? पोळीच्या आधी वही घ्या

मागच्या दोन-तीन वर्षांत मला निदान दहा-बारा जणांनी हेच विचारलंय, की ताई आम्ही नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय, खाली पाच-सहा कुत्री आहेत, जीव लागतोय, पण काय करायचं कसं करायचं कळत नाही आणि खायला घातलं की वरून कुणीतरी ओरडतं. प्रत्येकाला व्हॉट्सअपवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी बडोद्याची आहे त्यामुळे इथलंच सांगणार, पण कायदा आणि लसीबिसीचं सगळीकडे सारखंच आहे.

मी मूळची दांडिया बाजारातली. आमच्या वाड्यात आजी रोज रात्री शेवटची पोळी बाजूला काढायची, पहिली गाईची आणि शेवटची कुत्र्याची, आणि ती ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवली की मोती यायचा. मोतीला कुणी पाळला नव्हता, पण तो कुणाचाच नाही असंही नव्हतं. तो कुणावर भुंकतो, कुणाच्या पायाशी झोपतो, त्याचा उजवा पाय कधी मोडला होता हे वाड्यातल्या सगळ्या घरांना ठाऊक होतं. लग्नानंतर मांजलपूरला सोसायटीत आले तर इथे ऐंशी फ्लॅट, सात कुत्री, आणि कुठलं कुत्रं कोण हे एकालाही सांगता येईना. कुणाला चावलं की "ते ब्राऊनवालं" एवढंच, आणि ब्राऊनवाली तीन होती. माझं तर असं मत झालंय की निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. म्हणून पहिली पायरी पोळीची नाहीये.

१. आठ दिवस नुसतं बघा आणि लिहून काढा

एक साधी शंभर पानी वही घ्या. सकाळी लवकर आणि रात्री दहानंतर, असं दोन वेळा खाली चक्कर मारा. प्रत्येक कुत्र्याला एक पान द्यायचं. त्यावर नाव (मुलांनी आधीच ठेवलेलं असतं, तेच ठेवा), नर की मादी, अंदाजे वय, रंग, खूण, कुठे झोपतो, कुणाला घाबरतो, आणि दोन्ही बाजूंनी फोटो. आमच्याकडे लाली, भुरी, कालियो, शेठ अशी नावं होती, त्यातली अर्धी गुजराती मुलांनी ठेवलेली.

कान नक्की बघा. एका कानाला व्ही आकाराची खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, कान भांडणात फाटलेला असेल तर कड वेडीवाकडी दिसते, खाच सरळ कापलेली असते. मादीची आचळं लोंबलेली असतील तर जवळपास पिल्लं आहेत असं समजा आणि ती कुठे आहेत ते शोधा, कारण एरवी गरीब असलेली कुत्री अंगावर येते ती बहुतेक वेळा पिल्लांमुळेच.

ही वही पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येते, वॉर्ड ऑफिसात, डॉक्टरकडे आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर सगळ्यात जास्त.

२. जे घाबरतात त्यांच्याकडे आधी जा

आपल्याला वाटतं आधी आवड असणाऱ्यांचा ग्रुप करावा. मी तेच केलं होतं आणि तिथेच चुकलं. आमचा सहा जणांचा ग्रुप झाला आणि समोर वीस जणांचा दुसरा ग्रुप झाला. मग वर्षभर नुसती तोंडं फिरवणं.

नंतर मी तळमजल्यावरच्या एका काकूंकडे गेले, सगळ्यात जास्त तक्रार त्यांचीच असायची. चहा झाला आणि मग त्यांनी सांगितलं की लहानपणी गावाला त्यांच्या मामेभावाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि तो गेला. त्यांना अजून भुंकणं ऐकलं की घाम फुटतो. एवढं ऐकल्यावर त्यांना "कुत्री प्रेमळ असतात हो" असं सांगण्यात काही अर्थ आहे का? मी एवढंच विचारलं की काकू तुम्हाला कुठली जागा मोकळी हवी, त्या म्हणाल्या माझा दरवाजा आणि लिफ्ट. आम्ही त्या दोन जागांपासून खाणं पार लांब, मागच्या भिंतीपाशी नेलं. सगळी कुत्री महिन्याभरात तिकडे सरकली. आज नसबंदीच्या अर्जावर पहिली सही त्या काकूंची आहे.

तर प्रत्येक ब्लॉकमध्ये जो सगळ्यात जास्त घाबरतो किंवा चिडतो त्याच्याकडे एकदा जाऊन या. वाद घालू नका. त्याला काय नकोय ते वहीत लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र ठाम सांगायची. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, की टेम्पो करू आणि सगळी हालोल रोडला सोडून येऊ. हे चालत नाही. कायद्यानेही सोसायटीतलं कुत्रं जिथलं उचललं तिथेच परत सोडायचं असतं (शाळा-हॉस्पिटलसारख्या जागांचं वेगळं आहे, ते पुढे सांगते), आणि जागा मोकळी झाली की आजूबाजूची नवी कुत्री येतात, ज्यांची ना नसबंदी ना लस ना ओळख. विष घालायची भाषा कुणी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ सांगा, जनावराला मारलं किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण ही गोष्ट शेवटी काढा, आधी काढली की लोक भडकतात.

३. जागा आणि वेळ ठरवा, तेही लेखी

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलंय की वस्तीतल्या कुत्र्यांच्या खाण्याची सोय करणं हे तिथल्या रहिवासी मंडळाचं काम आहे, आणि जागा कशी हवी तेही आहे, जिने, येण्याजाण्याचे दरवाजे, मुलांची खेळायची जागा आणि वयस्कर लोकांचा वावर सोडून. पुढे सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं की नगरपालिकांनी वॉर्डावॉर्डात खाण्याच्या जागा ठरवून द्यायच्या आणि त्या सोडून रस्त्यावर कुठेही घालायचं नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, खेळाची संकुलं इथली कुत्री हलवायला सांगितली आणि ती परत तिथे सोडायची नाहीत असंही सांगितलं. तेव्हा शाळेच्या किंवा दवाखान्याच्या गेटजवळ चुकूनही घालू नका, तुमच्या मायेने त्या कुत्र्याचंच घर जाईल. आदेश बदलत असतात, म्हणून सुरू करायच्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन सध्या काय आहे ते विचारा आणि आपली जागा कळवून ठेवा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

वेळ म्हणाल तर दिवसातून दोनदा, रोज तीच. आम्ही सकाळी साडेसहा आणि रात्री साडेदहा ठेवलीय, म्हणजे शाळेच्या रिक्षा यायच्या आधी आणि शतपावलीवाले वर गेल्यावर. स्टीलच्या डब्याचं झाकण तीनदा वाजवायचं, की आली. खाऊन झालं की वीस मिनिटांत जागा झाडून, पाणी टाकून साफ. मुंग्या आणि उष्टं दिसलं की तक्रार आलीच समजा आणि ती तक्रार खोटी नसते.

४. काय घालायचं

बिस्किटं बंद करा. मला माहितीये पाच रुपयांचा पुडा घेतला की मनाला बरं वाटतं, पण त्यात मैदा आणि साखर, पोट भरत नाही. दूधही नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. तिखट-मीठाचं उरलेलं, कांदा घातलेली भाजी, द्राक्षं, चॉकलेट हे सगळं बंद. शिजवलेल्या कोंबडीचं हाडही नको, ते फुटून टोकदार होतं आणि आतडी फाडतं.

आमच्या सोसायटीत बरीच जैन आणि पटेल घरं आहेत, त्यामुळे मांस-मच्छी आवारात आणायची नाही हे आम्ही स्वतःहून ठरवलं, तेवढ्यावरून भांडण कशाला. तांदूळ, मुगाची डाळ, लाल भोपळा अशी सैल खिचडी, मीठ जवळजवळ नाहीच, वर दही, आणि सकाळच्या वेळी विकतचं कोरडं डॉग फूड. उन्हाळ्यात पातळ ताक. एवढ्यावर आमची कुत्री छान आहेत.

शनिवारचं मात्र बोललंच पाहिजे. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायचा उपाय कुणाकुणाला सांगितलेला असतो, आणि आमच्या अख्ख्या सोसायटीत काळा एकटा कालियो. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात बारा-पंधरा तेलकट पोळ्या, बाकीची कुत्री बाजूला उभी, मग मारामारी, आणि रविवारी सकाळी कालियो पार्किंगमध्ये ओकतोय. श्रद्धा आहे तर ती मोडायची नाही. आम्ही मागच्या भिंतीपाशी एक डबा ठेवला, शनिवारच्या पोळ्या त्यात टाका, आम्ही अर्धी पोळी कालियोला पहिली घालतो आणि बाकीच्या कुस्करून सगळ्यांच्या खिचडीत. सगळ्यांनी मान्य केलं, एकाही माणसाला वाईट वाटलं नाही.

पाण्यासाठी सिमेंटची कुंडी घ्या, प्लास्टिकची पळवतात किंवा कुत्रीच चावून टाकतात. एप्रिल-मे मध्ये दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, आणि कुंडी सावलीत.

५. नसबंदी, हे सगळ्यात महत्त्वाचं

मनापासून सांगते, खायला घालताय आणि नसबंदी करत नसाल तर तुम्ही त्या कुत्रीला पुन्हा पुन्हा बाळंतपणात ढकलताय. पोट भरलेली कुत्री जास्त पिल्लं जगवते, ती पिल्लं रस्त्यावर गाडीखाली जातात, जी उरतात ती पुढच्या वर्षी भांडतात. मी सुरुवातीचं दीड वर्ष नुसती पोळी घातली, आणि त्या दीड वर्षात लालीची अकरा पिल्लं झाली, त्यातली दोन जगली. त्या नऊ पिल्लांचं मला अजून वाटतं.

कधी: आपल्याकडे भाद्रपदातली कुत्री म्हणतात ते उगीच नाही, पावसाळा सरता सरता त्यांचा मोसम सुरू होतो, आणि गर्भ साधारण ६३ दिवसांचा असतो, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात थंडीत पिल्लं. म्हणून अर्ज एप्रिल-मे मध्येच द्या आणि जून-जुलैपर्यंत काम उरकून घ्या. दिवाळीनंतर जागे झालात तर उशीर झाला. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला नसबंदीसाठी नेत नाहीत, आणि अंगावर पाजणारी कुत्री असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबा.

काय काय लागतं:
- सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, चेअरमन किंवा सेक्रेटरीची सही, जमेल तेवढ्या रहिवाशांच्या सह्या
- कुत्र्यांची यादी फोटोसकट, म्हणजे तुमच्या वहीतली पानं, झेरॉक्स चालते
- अर्ज करणाऱ्याचं ओळखपत्र आणि चालू असलेला फोन नंबर
- नेमकी जागा, नुसता पत्ता नको, गेट कुठलं, खूण काय

तो शेवटचा मुद्दा मी स्वतः चुकलेय. पहिल्या वर्षी फॉर्मवर नुसतं सोसायटीचं नाव लिहिलं, आणि त्याच नावाची दुसरी सोसायटी दीड किलोमीटरवर आहे. लालीला ऑपरेशननंतर तिकडे सोडलं. तिकडच्या कुत्र्यांनी तिला फाडायचं बाकी ठेवलं होतं, दोन दिवस शोधत होतो, शेवटी चहाच्या टपरीमागे बाकाखाली सापडली. तेव्हापासून मी फॉर्मबरोबर गेटचा फोटो देते आणि सोडताना व्हिडिओ पाठवा म्हणून सांगते.

अर्ज महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात द्यायचा, पोच घ्यायची, आणि आठवड्याने फोन, परत आठवड्याने फोन. एका फोनवर काम होत नाही, तरी चिडून बोलू नका, कारण तीच माणसं दर वर्षी भेटणार आहेत. पकडायला येतात तेव्हा जाळी वापरायची असते, चिमटे किंवा तारेचे फास वापरायला नियमात बंदी आहे. तसं दिसलं तर शांतपणे थांबवा, व्हिडिओ काढा. पण त्यांच्या कामात आडवं पडू नका, कोर्टाने तेही सांगितलंय.

आता पकडायच्या दिवसाबद्दल, कारण हे कुणी आधी सांगत नाही. त्या दिवशी सकाळी खायला घालायचं नाही. आमच्याकडे गाडी साडेसात वाजता आली, बाकीची पटापट सापडली पण भुरी एका अ‍ॅक्टिवाखाली शिरून बसली ती हलेना. गाडीबरोबर आलेला मुलगा मला म्हणाला, "बेन, तमे बोलावो ने, तमारी पासे आवशे." (ताई, तुम्ही बोलवा ना, तुमच्याकडे येईल.) मी झाकण तीनदा वाजवलं. ती बाहेर आली, शेपूट खाली ठेवून हलवत हलवत, कान मागे पाडून, माझ्या पायापर्यंत आली आणि वरून जाळी पडली. ओरडली नाही. जाळीच्या आतून माझ्याकडे बघत राहिली. मी वर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ऑपरेशननंतर चारेक दिवस तरी तिथे ठेवतात, जखम भरल्यावर लस टोचून आणून सोडतात. भुरी सहाव्या दिवशी आली, डाव्या कानाला खाच, पोटाचे केस काढलेले. गाडीतून उडी मारली आणि सरळ त्या अ‍ॅक्टिवाखाली. नऊ दिवस मी जेवण ठेवून लांब गेले की मगच खायची. दहाव्या दिवशी झाकण वाजवलं तर आली, आधी माझी चप्पल हुंगली बराच वेळ, मग खाल्लं.

म्हणून सांगते, तुम्ही रोज जी खूण करता, झाकण म्हणा, शिटी म्हणा, ती पकडायला वापरू नका. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला लावा. आणि परत आल्यावर दहा-पंधरा दिवस तिच्या मागे लागू नका, अन्न ठेवा आणि निघा. टाक्यांच्या जागी सूज, पू किंवा रक्त दिसलं तर लगेच जिथून आली तिथे कळवा.

नसबंदी झाल्यावर सहा महिन्यांत फरक दिसतो. मोसमातली टोळकी येत नाहीत, रात्रीचं रडणं कमी होतं, पिल्लं राखायची नसली की मादी माणसांवर धावत नाही. घाबरणाऱ्या काकूंना हाच फरक सगळ्यात आधी जाणवला.

६. लस, कुत्र्यांना आणि तुम्हालाही

नसबंदीच्या वेळी रेबीजची लस देतात, पण ती जन्मभराची नाही, दर वर्षी द्यावी लागते आणि हे बहुतेक जण विसरतात. वहीत तारीख लिहा. पिल्लांना तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते, म्हणजे आमच्या सातातली पाच तरी. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या आजारांची लस वेगळी असते, पिल्लांना जमली तर नक्की द्या, थंडीत पार्व्होने पिल्लं दोन दिवसांत जातात, रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू होतात.

तुम्ही स्वतः रोज हात लावणार असाल तर चावायच्या आधीच घ्यायचे तीन डोस असतात, डॉक्टरांना विचारून ते घेऊन टाका. मी घेतलेत. पुढे कधी चावलं तर मग दोनच डोस लागतात आणि जखमेत टोचायचं सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, लागत नाही.

७. चावलं किंवा ओरखडलं तर

ही पायरी पाठ करा आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा.

आधी नळ. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. आमच्या सी ब्लॉकमधल्या एका मुलाला पिल्लाचा दात लागला तर आईने घाईघाईत हळद आणि लाल तिखट भरलं होतं, मी त्याला तसाच बेसिनपाशी नेला, तो रडतोय, आई रडतेय, पण पंधरा मिनिटं धुतलं. हळद, तिखट, चुना, तेल काही लावायचं नाही, घट्ट पट्टी नको, टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, बडोद्यात सयाजी हॉस्पिटल आहेच. पोटात चौदा इंजेक्शनं हे जुनं झालं, त्या भीतीने लोक अजून लपवतात. आता कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं, ते विचारून घ्या, नुसत्या लसीवर परत येऊ नका. तिसऱ्या डोसनंतर बरं वाटतं म्हणून शेवटचा चुकवणारे खूप असतात, तसं करू नका. रेबीजची लक्षणं दिसली की मग उपाय जवळजवळ उरत नाही.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर डॉक्टरांना सांगा. पण दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ असं कधीही करायचं नाही. आणि इथेच वहीचा उपयोग, "ब्राऊनवालं" म्हणून तीन कुत्र्यांवर संशय घेण्यापेक्षा पान उघडून सांगता येतं की ही लाली, लस अमुक तारखेला.

आवाज बदललेला, जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, झोकांड्या, दिसेल त्याला चावतंय, ओळखीच्या माणसालाही ओळखत नाही, असं दिसलं तर कुणीही जवळ जायचं नाही, मुलं घरात, आणि महानगरपालिकेला फोन. कुत्रं पाणी पितंय म्हणजे पिसाळलेलं नाही असं काही नसतं, पाण्याची भीती माणसात दिसते.

८. आजारी, जखमी

१९६२ हा नंबर फोनमध्ये आत्ता सेव्ह करा. करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्स, गुजरात सरकारची, पैसे लागत नाहीत. फोनवर जागा आणि लक्षणं नीट सांगा, कुत्रं तिथून हलणार नाही असं बघा, आणि गाडी येईपर्यंत एक माणूस तिथे थांबलाच पाहिजे, गाडी येते आणि कुत्रं गायब, हे फार होतं.

घरात ठेवायचं सामान: जाड जुनी चादर (अंगावर टाकून धरायला), बीटाडीन, कापूस, गॉज पट्टी, हातमोजे. एवढंच. माणसांची क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी लागू शकते. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, त्यावर फिनेल किंवा पेट्रोल ओतणारे लोक आहेत, हात जोडून सांगते नका करू, १९६२ किंवा सरकारी पशुदवाखाना. खरजेचं औषधही डॉक्टर वजन बघून देतात, केमिस्टकडून आणून अंदाजे घालू नका.

९. बडोद्यातले अवघड दिवस

दिवाळीत फटाक्यांनी कुत्री पळत सुटतात आणि वाट चुकतात, ते चार दिवस पार्किंगचा एक कोपरा उघडा ठेवा, पोती टाका. उत्तरायणला पायात मांजा गुंतून कापतं, १६ जानेवारीला मुलांना पिशव्या देऊन आवारातला मांजा गोळा करायला लावा, आमची मुलं किलोच्या किलो आणतात. पुराचं तर २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आपण सगळ्यांनी पाहिलं, विश्वामित्री शिरली, आणि नदीतल्या मगरी रस्त्यावर. नदीजवळ राहत असाल तर पाणी चढायला लागल्यावर जिन्याचा दरवाजा कुत्र्यांसाठी उघडा ठेवायचा हे सोसायटीत आधीच ठरवून घ्या, ऐन वेळी कुणी ऐकत नाही.

आणि एक छान गोष्ट. इथे कुत्री व्याली की पोळातली (म्हणजे जुन्या गल्लीतली) मुलं घरोघर जाऊन पीठ, गूळ, तेल गोळा करायची आणि तिच्यासाठी शिरा करायची, ही गुजरातची जुनी रीत, आमच्या दांडिया बाजारातही मी लहानपणी पातेलं घेऊन फिरलेय. "कुत्री व्याली हो, शिरा द्या" असं ओरडत. मागच्या वर्षी मागच्या गल्लीतून पोटुशी कुत्री आमच्याकडे आली तेव्हा मी मुलांना ते शिकवलं. ऐंशीतल्या बासष्ट घरांनी काही ना काही दिलं, ज्या घरांनी कधी खाली पाहिलं नव्हतं त्यांनीसुद्धा. शिरा तिला थोडाच घातला, बाकी खिचडी, पण त्या दिवसापासून त्या पिल्लांना बासष्ट घरं ओळखायला लागली. चारातली दोन तिथेच दत्तक गेली. (दत्तक घ्यायचं तर महानगरपालिकेत अर्ज करा, आणि एकदा घेतलं की परत रस्त्यावर सोडायचं नाही.)

१०. गावाला जाताना

हे सगळं एकट्या माणसावर ठेवू नका. मी मागच्या मे मध्ये तीन आठवडे पुण्याला गेले तेव्हा वही तळमजल्यावरच्या त्याच काकूंकडे दिली. त्या खायला घालत नाहीत, अजूनही हात लावत नाहीत, घालायचं काम वॉचमनकाका आणि बी ब्लॉकमधली दोन मुलं करतात. पण लिहिण्याचं काम काकूंचं. खिडकीत बसून त्या सगळं बघतात. परत आले तर वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "ता. १४. कालियो लंगडतोय, पुढचा डावा. १९६२ ला फोन केला. काटा होता, काढला. ता. १६. भुरी आज माझ्या दारापर्यंत आली, मग आपली आपण गेली."